गुडघेबाईंची लंगडी

माझ्या वहिनी माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघतात. आधी पाय बघतात. पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा दादा त्यांना घ्यायला खाली गेला, आणि जिना चढून वर येईपर्यंत त्यांनी त्याला सांगून टाकलं होतं की तुझा डावा गुडघा आखडलाय, म्हणून तू तिरका चालतोस. दादाला वाटलं, ही आपल्याकडे इतकं निरखून बघते म्हणजे प्रेमच असणार. लग्न झाल्यावर त्याला कळलं की त्या पोस्टमनकडेही तसंच बघतात.

वहिनी मुलांच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहेत. तळमजल्यावर, लांब कॉरिडॉरच्या टोकाशी त्यांची खोली, आणि खोलीच्या तोंडाशी माझं टेबल. आलेल्यांची नावं घेणं, पुढच्या वेळा देणं आणि उशिरा येणाऱ्यांवर डोळे वटारणं ही माझी कामं. शेवटचं काम मला कुणी सांगितलेलं नाही, ते मी हौसेने करते. घरी नणंद-भावजय आणि नोकरीतही शेजारी, म्हटल्यावर लोकांना वाटतं आमचं रोज वाजत असेल. वाजतंच. पण बाहेरच्या कुणी वहिनींबद्दल वाकडा शब्द काढावा, मग त्याची गाठ माझ्याशी आहे.

मुलं त्यांना गुडघेबाई म्हणतात. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठीमागे गुडघेबाई. वहिनींना हे माहीत आहे आणि मनातून आवडतंही, पण तसं दाखवत नाहीत. त्यांच्याकडे येणारी बहुतेक मुलं गुडघ्याची. कुणी मैदानावर पळता पळता गर्रकन वळतं, कुणी झाडावरून उडी मारतं, कुणी सायकलवरून पडतं आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येतो. गुडघ्याच्या आत, मधोमध, वरचं हाड आणि खालचं हाड एकमेकांना धरून ठेवणारा एक बंध असतो. तो तुटला की मूल चालतं, पण वळायला गेलं की पाय दगा देतो.

मग आमचे सर्जन तो बंध नव्याने करतात. मांडीच्या मागच्या स्नायूचं टोक जिथे हाडाला बांधलेलं असतं ती पांढरी, चिवट कंडरा थोडी काढून घेतात, दुमडून जाड करतात आणि हाडांना बारीक भोकं पाडून गुडघ्यात ओवतात. भोकं पाडण्यामुळे वहिनी त्यांना ‘आमचे सुतार’ म्हणतात, तेही त्यांच्या तोंडावर. मोठ्यांमध्ये हे काम सोपं म्हणे. मुलांच्या हाडांच्या टोकाशी मात्र वाढीची कोवळी चकती असते. तिला धक्का लागला तर पाय वाकडा किंवा आखूड वाढायचा. सुतार ती चकती चुकवून काम करतात, आणि त्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोलायला गेलं तर खेकसतात. नंतरचं सगळं वहिनींचं.

नंतरचं म्हणजे किती? तर जवळजवळ वर्षभराचं. आणि त्यातच सगळी मेख आहे. वहिनी प्रत्येक नव्या मुलाला हे विणलेल्या स्वेटरवरून समजावतात. “तुझ्या गुडघ्यात डॉक्टरांनी दुसरीकडचा स्वेटर घातलाय असं समज. तुझं शरीर आधी तो आतून उसवणार आणि मग स्वतःच्या लोकरीने परत विणणार. अर्धा उसवलेला असतो ना, नेमकं तेव्हाच तुझं दुखणं थांबतं, सूज उतरते, आणि तुला वाटतं मी झालो बरा. तेव्हा पळालास की गेला.”

“गेला म्हणजे?”

“गेला म्हणजे परत सुतार.”

मुलांना हे पटकन समजतं. आईबापांना तीन तीनदा सांगावं लागतं.

वहिनींची पद्धत साधी आहे. खोटं बोलायचं नाही. दुखणार असेल तर ‘दुखणार आहे, ओरड’ असं आधीच सांगतात, आणि मूल ओरडलं की शाबासकी देतात. दुपारी त्यांच्या खोलीतून असा काही कल्ला येतो की नव्या माणसाला वाटावं, आत कुणाला तरी बदडताहेत. प्रत्यक्षात एक जण पाय वाकवत असतो आणि बाकीचे त्याच्या वतीने ओरडत असतात. भिंतीवर मोठा आरसा, त्याच्यासमोर धरून चालायचे दोन दांडे, कोपऱ्यात जागच्या जागी चालणाऱ्या सायकली, निळ्या गाद्या, रबरी पट्टे, आणि फरशीवर पिवळी पट्टी. ही पिवळी पट्टी म्हणजे लंगडीची जागा.

खेळायला परत जायचं तर वहिनींची लंगडी पास व्हावी लागते. पट्टीवर उभं राहायचं, एका पायावर जितकी लांब जाईल तितकी उडी मारायची आणि त्याच पायावर न डगमगता थांबायचं. आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा. दुसऱ्याची उडी पहिल्याच्या जवळजवळ बरोबरीला आली की मूल सुटलं. बाकीच्याही चाचण्या असतात, मांडीची जाडी, बसणं-उठणं वगैरे, पण मुलांच्या लेखी परीक्षा ती एकच.

आणि जो पास होईल त्याची मिरवणूक. ही वहिनींची स्वतःची टूम. पास झालेलं मूल ऑपरेशनच्या पायावर लंगडी घालत खोलीतून निघतं, वहिनी शेजारून लंगडी घालतात, मागून कुबड्यांवाली सगळी फौज, आणि अख्खा कॉरिडॉर पार करून थेट मुख्य दारापर्यंत. वाटेत डॉक्टर असो, स्ट्रेचर असो, सगळ्यांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं. पन्नाशीला टेकलेली, अंगाने चांगली भरलेली बाई एका पायावर उड्या मारत येतेय हे बघून नवे डॉक्टर आधी गांगरतात. मग टाळ्या वाजवतात.

तर अशा खोलीत नाकतोडा आली.

खरं नाव सांगत नाही. बारा वर्षांची, अंगावर मूठभर मांस नाही, नुसते लांब पाय. पहिल्याच दिवशी कुबड्यांवरून तिने माझ्या टेबलासमोरचं डस्टबिन ओलांडलं तेव्हा मीच तिचं नाव नाकतोडा ठेवलं. शाळेच्या फुटबॉल टीममध्ये पुढच्या फळीत खेळायची. सोबत तिचे आजोबा असायचे, कारण आईवडील दोघंही नोकरीवर. आजोबांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण नातीचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता, आणि ती पडली त्या सामन्याचं वर्णन ते रोज नव्याने, थोडं वाढवून सांगायचे.

नाकतोड्याला एकच ध्यास होता. शाळांच्या स्पर्धेचा शेवटचा सामना. तिच्या टीमने तोवर सगळ्यांना धूळ चारली होती, आणि तिच्या जागी जी मुलगी खेळत होती ती, नाकतोड्याच्या मते, चेंडू आला की डोळे मिटायची. “बाई, ती चेंडूला घाबरते हो! फुटबॉलमध्ये! मग खेळतेच कशाला?” असं म्हणत ती दात-ओठ खाऊन व्यायाम करायची. तिच्याइतकं मेहनती मूल मी त्या खोलीत पाहिलेलं नाही. वहिनी मात्र सांगायच्या, “सामन्याची तारीख गुडघ्याला माहीत नसते.”

सामना आठवड्यावर आला आणि नाकतोडा म्हणाली, माझी लंगडी घ्या. वहिनींना जरा लवकर वाटलं, पण मांडी भरली होती, गुडघा पूर्ण वाकत होता. घेतली. चांगल्या पायाची उडी बऱ्यापैकी गेली. ऑपरेशनच्या पायाचीही गेली, अगदी तिच्या शेजारीच. एकदा, दोनदा, तीनदा. बरोबरी! खोलीत जो आरडाओरडा झाला तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला. आजोबा फोनवर व्हिडिओ घ्यायला लागले. नंतर कळलं की सगळा व्हिडिओ त्यांच्या स्वतःच्या नाकाचा निघाला होता.

मिरवणूक निघाली. मीसुद्धा टेबल सोडून मागे गेले. नाकतोडा पुढे, वहिनी शेजारी, आणि मुख्य दारापाशी सफाईवाल्या मावशींनी नुकतीच फरशी पुसून बादली आणि त्यांचं लांबलचक पोछ्याचं दांडकं आडवं टाकलेलं. “अगं अगं, ओलं आहे!” मावशी ओरडल्या. पण नाकतोडा रंगात आली होती. तिने धावत पाय बदलला, चांगल्या पायावर जोर घेतला आणि बादली, दांडकं, ओली फरशी सगळं एका उडीत ओलांडून पलीकडे त्याच पायावर खांबासारखी उभी राहिली.

सगळे टाळ्या वाजवत होते. वहिनी सोडून. त्या अजून एका पायावरच उभ्या होत्या, दुसरा खाली टेकवायचंही भान नव्हतं.

“मावशी, बादली हलवू नका,” त्या म्हणाल्या. मग नाकतोड्याकडे वळल्या. “ही उडी मघाशी खोलीत कुठे होती गं?”

“कुठली?”

“ही. चांगल्या पायाची.”

“मी आत्ता पळत होते ना.”

“पळत होतीस हे खरं. पण पळूनसुद्धा इतका फरक पडत नाही. मघाशी तू ती आखडून मारलीस. चांगल्या पायाची उडी मुद्दाम लहान मारलीस, म्हणजे दुसरी तिच्या बरोबरीला येईल.”

नाकतोड्याचे कान लाल झाले. आजोबा पुढे सरसावले. “अहो बाई, दोन मिनिटांपूर्वी तुम्हीच पास म्हणालात! आता पोरीला खोटारडी ठरवताय?” आणि ते पुढे काय बोलले असते कोण जाणे, पण नाकतोडाच फुटली.

“सगळेच करतात!” ती ओरडली. “सायकलवर बसल्या बसल्या एकमेकांना शिकवतात. चांगला पाय हळू मारायचा. तुम्हालाच फक्त माहीत नाहीये!”

मागच्या फौजेतला कुबडीवाला प्रत्येक जण छताकडे, नाहीतर स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. एवढी निरागस तोंडं मी आयुष्यात एकत्र पाहिली नव्हती.

वहिनींनी नाकतोड्यासमोर गुडघे टेकले. ओल्या फरशीवर. “तू पास नाहीस,” त्या हळूच म्हणाल्या. “हा सामना तू खेळायचा नाहीस.”

“मला तुमचं तोंडसुद्धा बघायचं नाही,” नाकतोडा म्हणाली आणि दारातून निघून गेली. आजोबा तिच्या मागे. जाताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू ती बादली मीच तिथे ठेवली होती.

त्या दुपारी वहिनींना चहा गेला नाही. माझ्या टेबलाला टेकून म्हणाल्या, “पास व्हायचा उंबरठा मीच दाखवला, आणि पोरांनी उंबरठाच खाली केला. मी दिवसभर पाय बघत असते ना? मग दिसलं कसं नाही मला?” मी म्हटलं, “तुम्ही वाईट पाय बघत होता, वहिनी. चांगल्याकडे कोण बघतं?” मी सहज बोलून गेले. पण त्या टेबलापासून सरळ झाल्या आणि म्हणाल्या की गेल्या काही महिन्यांत ज्यांची ज्यांची मिरवणूक काढली त्या सगळ्यांना परत बोलाव.

ते काम माझं. घरोघरी फोन केले. कुणी म्हणालं, आमचा मुलगा मस्त खेळतोय, कशाला परत? त्यांना मी माझ्या खास आवाजात समजावलं, आणि माझा खास आवाज ऐकला की माणसं येतात. बहुतेक मुलं खरोखर ठीक होती. दोघांना मैदानावरून परत खोलीत आणावं लागलं. ते दोघं सायकलवर तोंड फुगवून बसले, पण त्यांचे गुडघे शाबूत होते आणि वहिनींचा जीव भांड्यात पडला. सुतार म्हणाले, आता यापुढे चांगल्या पायाची उडी ऑपरेशनच्या आधीच मोजून ठेवायची, तेव्हा ती आखडायचं कुणाला कारणच नसतं. तेव्हापासून ती पद्धत आहे.

नाकतोडा मात्र येईना. तिची वेळ यायची, मी नाव पुकारायची आणि कुणीच उठायचं नाही.

सामन्याच्या दिवशी वहिनी म्हणाल्या, चल. मी म्हटलं, आपल्याला कुणी बोलावलंय? त्या म्हणाल्या, नाही. गेलो. नाकतोडा टीमचा शर्ट घालून राखीव खेळाडूंच्या बाकावर हाताची घडी घालून बसली होती. बूटसुद्धा चढवलेले. कोचने चुकून ‘जा’ म्हटलं असतं तर ती गेली असती, एवढं नक्की. वहिनी सरळ तिच्या शेजारी जाऊन टेकल्या.

“तुम्ही का आलात?”

“तू उतरलीस तर मैदानात येऊन तुझे पाय धरायला.”

“सगळे हसतील.”

“हसू देत. माझ्यावर रोज हसतात.”

सामना चालू होता. चेंडूला घाबरणाऱ्या मुलीकडे अगदी मोक्याच्या क्षणी चेंडू आला, तिने डोळे मिटले आणि चेंडू तिच्या पायाला लागून भलतीकडे गेला. टीम हरली. नाकतोडा हुंदके देऊन रडायला लागली. वहिनींनी तिला जवळ घेतलं नाही. हुंदके ओसरले तसं म्हणाल्या, “माझ्यावर राग धर. हवा तितका धर. पण एक सांगते. आज हरलात ते पुढच्या वर्षी जिंकता येईल. तो बंध तुटला असता तर नवा करायला कंडरा दुसऱ्या पायातून काढावी लागली असती.”

नाकतोड्याने नाक पुसलं. “चांगल्या पायातून?”

“हो. ज्याची उडी तू आखडलीस त्याच्यातून.”

ती कितीतरी वेळ आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे बघत बसली. मग तिने बूट काढले. मी मैदानाकडे तोंड केलं, कारण मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही.

सोमवारी ती वेळेच्या आधीच हजर. आजोबा मागून, जरा ओशाळलेले. माझ्या टेबलावर त्यांनी मूठभर चॉकलेटं ठेवली आणि म्हणाले, “तुम्हाला नाही हं, मुलांना.” मी दोन काढून घेतली.

त्यानंतर तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केल्यासारखी मेहनत केली. मध्ये एका सामन्याची तारीख आली आणि गेली. मग दुसऱ्या स्पर्धेचा मोठा सामना ठरला, येत्या रविवारी. त्याच आठवड्यात वहिनी आपणहून म्हणाल्या, आता घेऊ या लंगडी. मला धास्तीच वाटली. नव्या मुलांची चांगल्या पायाची उडी आधी मोजलेली असते. हिची तशी कुणाकडेच नव्हती. बादलीवरची ती उडी धावत मारलेली, तिच्याशी तुलना होत नाही. म्हणजे तिला आखडायची असती तर आजही आखडता आली असती, आणि आता ती आणखी हुशारीने आखडली असती. हे वहिनींना कळत होतं. नाकतोड्यालाही कळत होतं. मी दारात येऊन उभी राहिले. सायकली थांबल्या.

“चांगला पाय आधी,” नाकतोडा स्वतःच म्हणाली. पट्टीवर उभी राहिली, हात मागे नेले आणि अशी उडी मारली की आखलेली सगळी जागा संपवून ती गादीच्या काठाशी जाऊन उभी राहिली. वहिनींनी खडूची खूण केली. मग ऑपरेशनचा पाय. ती उडीही छान गेली, डगमगली नाही, पण आधीच्या खुणेच्या अलीकडेच पडली. परत मारली. परत अलीकडे. तिसऱ्यांदा तर ओठ चावून मारली.

वहिनी खडू हातात धरून उकिडव्या बसल्या होत्या. त्या गप्प का बसल्या ते मला तेव्हाच कळलं, आणि असल्या वेळी गप्प बसायला किती जोर लागतो तेही.

आजोबा वाकून दोन्ही खुणा बघत होते. “झालं की! जवळजवळ बरोबरीच आहे. बोटभरच तर कमी. बाई, रविवारी सामना आहे, द्या ना सोडून एवढं.”

“आजोबा, चष्मा लावा,” नाकतोडा म्हणाली. “बोटभर नाहीये ते.” तिने खुणांमध्ये आपलं पाऊल ठेवून दाखवलं. तिने मान खाली घातली नाही. “नाही झालं अजून. पुढच्या महिन्यात परत घ्या, बाई.”

‘बरं’ म्हणता म्हणता वहिनींचे डोळे घळाघळा वाहायला लागले. इतक्या मुलांना ओरडून रडायला शिकवणारी बाई, स्वतः मात्र आवाज न करता रडत होती आणि त्यातच हसत होती.

“मग रविवारी तिथे जाऊन करायचं काय आपण?” आजोबा हिरमुसून म्हणाले.

“ओरडायचं,” नाकतोडा म्हणाली. “माझ्या जागी खेळते तिला सांगायचं, डोळे उघड म्हणून. बाई, तुम्हीपण या. तुमचा आवाज मोठा आहे.”